अडकायला येणारा माणूस

"आता मनात काय चाललंय, काका?"

काका मोबाइलकडे बघत होते. मोबाइल काकांकडे बघत होता. पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'अरेरे! काहीतरी चुकलं.'

"माफ करा," काका मोबाइलला म्हणाले.

"त्याला नाही, मला सांगा. मनात जे येतंय ते मोठ्यानं बोला."

"मनात... आपण याचं काय बिघडवलं, असं येतंय. मघापर्यंत बरा चालला होता बिचारा."

"तुम्ही काही नाही बिघडवलं. परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे."

"मग माफी त्यानं मागायला हवी."

समोरची मुलगी हसली आणि तिने लॅपटॉपवर टकटक करून हे वाक्य जसंच्या तसं टिपलं. काका खुर्चीत सरसावून बसले. त्यांचं वाक्य कुणी टिपून घ्यावं, असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात यापूर्वी आला नव्हता.

काका लिफ्टमन होते. सगळी नोकरी एका लोखंडी पेटीत वर-खाली करण्यात गेली. एवढा प्रवास करून माणूस जिथून निघाला तिथेच निवृत्त झाला. शेवटी शेवटी नवी लिफ्ट आली. तिची दारं आपोआप उघडत, मजला ती स्वतःच बोलून सांगे, आणि तिचा आवाज काकांपेक्षा चांगला होता. तरी काही दिवस त्यांना आत स्टुलावर बसवून ठेवलं होतं, लिफ्टला सोबत म्हणून. मग स्टूल काढलं आणि ओघाने काकाही.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक कंपनी औषधांची आठवण करून देणारं ॲप बनवत होती. गोळीची वेळ झाली की फोन वाजणार, गोळी घेतली की बटण दाबायचं, नाही दाबलं तर मुलाला किंवा सुनेला निरोप जाणार. कल्पना उत्तम होती. लोक ॲप घेत, एकदा उघडत आणि काढून टाकत. ज्यांना काही आठवत नाही त्यांच्यासाठी बनवलेलं ते ॲप उघडायला पासवर्ड आठवावा लागत असे.

कंपनीचा मालक वयाने लहान होता आणि बारा महिने बर्म्युडा घालून येई, म्हणून त्याच्या पाठीमागे सगळे त्याला बर्म्युडा म्हणत. त्याच्या मते लोक ॲप काढून टाकत, कारण लोकांना अक्कल नव्हती. ॲप वापरताना माणसाला कसं वाटतं, हे बघायला त्याने एक मुलगी नेमली होती. सगळ्याच कंपन्या नेमतात, म्हणून. तिचा विभाग म्हणजे ती, एक टेबल आणि कोपऱ्यातली काचेची खोली.

"अक्कल नसलेल्यांनाच बोलवूया ना मग," ती म्हणाली. "कुठे अडकतात ते बघू."

बर्म्युडाने एकच माणूस मंजूर केला. अक्कल नसलेले सगळे सारखेच असतात, असं त्याचं म्हणणं पडलं.

तो एक माणूस तिला लिफ्टमध्येच सापडला. काका जुन्या रखवालदाराला भेटायला आले होते आणि सवयीने बटणांपाशी उभे राहिले होते. ती आत आली तसं ते म्हणाले, "कितवा?" तिने मजला सांगितला, त्यांनी दाबला. वर पोचेपर्यंत तिने विचारून घेतलं.

"काका, मोबाइलवर ॲप वगैरे वापरता?"

"नाही."

"अजिबात?"

"फोन आला की उचलतो. कधीकधी उचलताना बंद होतो."

"अय्या, किती छान! उद्या याल?"

आपल्याला न येणाऱ्या गोष्टीबद्दल काकांची निवड झाली, ती अशी. मानधन म्हणून दर वेळी एक कूपन मिळे. ते वापरायला एक ॲप लागे. ती कुपनं घरी फ्रिजवर चुंबकाखाली साठत गेली.

ती त्यांना काका म्हणे, ते तिला ताई म्हणत. ताई फोन हातात देई, एक काम सांगे आणि गप्प बसे. काका अडकत. ते फार सुंदर अडकत, असं ताईचं मत होतं. औषधाच्या नावाशेजारी एक हृदयाचं चित्र होतं. ते दाबलं की औषध 'आवडत्या' यादीत जाई. काकांनी त्याला बोट लावलं नाही. "मला बीपी आहे," ते म्हणाले, "हार्टवाल्यांचं कशाला दाबू?" कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांखाली सगळी महत्त्वाची कामं दडवलेली होती. काकांना ती गटारावरची जाळी वाटली. "तिथे कोण बोट घालेल?" त्यांनी विचारलं. ताईने हृदय काढलं. रेघांच्या जागी चक्क शब्द लिहिले. पासवर्ड तर पहिल्याच आठवड्यात गेला.

लोक ॲप काढून टाकेनासे झाले. बर्म्युडाला वाटलं, लोकांना अक्कल येऊ लागली.

इकडे काका घरीही मोठ्याने विचार करू लागले.

"आता मी दिवा लावतोय," बटणांच्या बोर्डासमोर उभे राहून ते म्हणाले. "बटणं एका ओळीत आहेत. सगळी सारखी. मला दिवा हवाय. मी हे दाबतो." पंखा फिरू लागला. "पंखा लागला. चूक माझी नाही."

"या घरात आल्यापासून तुम्ही आधी पंखाच लावता," काकू आतून म्हणाल्या.

"तेच तर! एवढी वर्षं मला वाटायचं, मी बावळट आहे."

"मग आता कोण आहे?"

"बोर्ड."

काकूंनी बरेच दिवस सहन केलं. मग एकदा पालेभाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तुमचं ते मनातलं बोलणं थांबवा हो. दिवसभर रेडिओ लागल्यासारखं वाटतं. मी माझ्या मनातलं बोलायला लागले ना, तर घर सोडून पळाल."

काकांनी ताई करते तशी मान कलती केली. "बोल की. आत्ता तुझ्या मनात काय चाललंय?"

"आत्ता?"

"आत्ता."

"काही नाही."

"मोठ्यानं बोल."

काकूंचा हात थांबला. "असं चाललंय की ही निवडून झाली की चिरायची. मग करायची. मग ती संपणार. मग उद्या दुसरी आणायची." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "दमलेय मी. बाकी काही नाही."

अशा वेळी ताई पुढचा प्रश्न विचारते, की तुम्हाला इथे काय होईल असं वाटलं होतं? काकांनी तो विचारला नाही. अर्धी जुडी आपल्या बाजूला ओढली आणि निवडायला घेतली.

"कोवळी देठं टाकू नका," काकू म्हणाल्या.

तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग परगावच्या मुलाने व्हिडिओ कॉल केला. त्याच्या पडद्यावर काकांच्या घराचं छतच दिसत होतं. काकांनी बोलता बोलता कॅमेरा फिरवला, आवाज वाढवला आणि आईला मध्ये घेतलं.

"बाबा! तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मुलाला फार कौतुक वाटलं.

काकांनी घाईघाईने कॅमेरा पुन्हा छताकडे केला.

कारण मागच्याच खेपेला ताई बोलता बोलता म्हणाली होती, की शिकलेला माणूस आम्हाला उपयोगाचा नसतो. "तुमच्याआधी मी दुसरीकडे होते ना, तिथे एक आजोबा यायचे. काय अडकायचे! आता स्वतःची विमानाची तिकिटं स्वतः काढतात. गेले ते." शेवटचे दोन शब्द ती अशा आवाजात म्हणाली की काकांना आजोबांच्या घरी भेटून यावंसं वाटलं.

काकांनी अज्ञान जपायला सुरुवात केली. फोन कपाटात स्वेटरच्या घडीखाली ठेवला. मुलाचा कॉल आला की मुद्दाम अंगठा कॅमेऱ्यावर धरला. शेजारच्या बाईंनी फोनमधलं काही विचारलं तर कानावर हात ठेवले. काही उपयोग झाला नाही. आलेली गोष्ट जाईना. एरवी चष्मा कुठे ठेवला ते त्यांना आठवत नसे, आणि 'सेटिंग' कुठे असतं ते मात्र झोपेतही आठवू लागलं.

पुढच्या वेळी ताईने ॲपचं नवं रूप दाखवलं. औषधाचं नाव ठळक, खाली बोटाएवढं हिरवं बटण, त्यावर लिहिलेलं 'गोळी घेतली'. काकांना ते बघताक्षणी दिसलं. न दिसायला जागाच नव्हती.

"बटण सापडलं का, काका?"

"नाही हो, कुठेच नाही," काका म्हणाले, आणि बटणाच्या कडेकडेने बोट फिरवत राहिले.

ताईच्या कपाळाला आठी पडली. तिने बटण मोठं केलं. काकांना तेही सापडलं नाही. पुढच्या खेपेला तिने आणखी मोठं केलं. काका फोन उलटा करून मागे बघू लागले. आपण हे फार करतोय, असं त्यांनाही वाटलं, पण ताईने खुर्ची जवळ ओढून विचारलं, "काय वाटतंय तुम्हाला? सांगा ना, सावकाश," आणि काका सावकाश सांगत बसले. त्या दिवशी लिफ्टबद्दल सांगितलं. लिफ्टमधली माणसं सगळी वर आकड्यांकडे बघतात, बटण दाबणाऱ्याकडे कुणी बघत नाही, असं काहीतरी. ताईने तेही टिपलं.

शेवटी बटण इतकं मोठं झालं की पडद्यावर दुसऱ्या कशाला जागा उरली नाही. औषधाचं नावसुद्धा एका कोपऱ्यात अंग चोरून उभं राहिलं. ते रूप तसंच लोकांच्या फोनमध्ये गेलं.

आणि लोकांचे खिसे गोळ्या घेऊ लागले. फोन वाजायचा, माणूस बंद करायला खिशात हात घालायचा, तळवा कुठेही पडला तरी तो बटणावरच पडायचा. गोळी घेतली गेली, मुलांना निरोप गेला, सगळे निर्धास्त. गोळी मात्र डब्यात. ॲपखाली शेरे येऊ लागले. 'माझ्या आईच्या पर्सने आठवडाभर नियमित औषध घेतलं. पर्सला बरं आहे.' एका सुनेने लिहिलं, 'सासऱ्यांना काल दवाखान्यात ठेवावं लागलं. ॲप म्हणतं त्यांनी एकही गोळी चुकवलेली नाही.'

काका पुढच्या खेपेला आले तेव्हा काचेच्या खोलीत बर्म्युडा आधीच बसला होता. ताईचे डोळे सुजलेले होते. तिने कुणी न विचारता तो शेवटचा शेरा वाचून दाखवला. सगळा. मग फोन टेबलावर उपडा ठेवला.

"ते सासरे..." काका म्हणाले.

"बरे आहेत आता. मी फोन केला होता."

"हे बघा काका," बर्म्युडा म्हणाला, "तुमच्याशी माझं काही भांडण नाही. पण एका माणसाला बटण दिसत नाही म्हणून आम्ही रान उठवलं आणि ॲप बुडवलं. तुम्ही एकदा शेवटचं करून दाखवा. मग मी हा सगळा विभाग बंद करतोय."

"सगळा विभाग म्हणजे मीच," ताई म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. ती फार थकली होती, आणि थकलेली माणसं भांडत नाहीत. तिने फोन काकांच्या हातात दिला. "नेहमीसारखंच, काका. मनात जे येईल ते मोठ्यानं बोला."

फोन वाजला. काकांनी घसा साफ केला.

"फोन वाजतोय. गोळीची वेळ झालीय. आता मी बटण शोधतोय." समोर हिरवं बटण कुरणासारखं पसरलेलं होतं. "शोधत नाहीये. दिसतंय ते."

"चला, निदान एवढं तरी," बर्म्युडा म्हणाला.

"आधीही दिसत होतं."

ताईची बोटं लॅपटॉपवर थांबली. "आधी म्हणजे?"

"लहान होतं, तेव्हापासून."

काकांना थांबता आलं असतं, पण सवय वाईट. मनात येईल तसं तोंडातून बाहेर पडत गेलं.

"आता मनात असं चाललंय की हे बोलायला नको होतं. बोललो तर पुन्हा बोलावणार नाहीत. नाही बोललो तर ताईला काढतील. आणि ते सासरे. ते माझ्यामुळे झोपले होते दवाखान्यात. मला रेघाही कळतात. त्या जाळीखाली काय असतं तेही माहितेय. मुलाशी बोलताना मी कॅमेरा फिरवतो. मागच्या तीन-चार वेळा मी अडकलोच नव्हतो. नुसता बसलो होतो."

"मग सांगायचं नाही?" बर्म्युडा जवळजवळ ओरडला. "कशाला बसला होतात?"

"ही विचारत होती म्हणून," काका म्हणाले. "म्हटलं, अजून थोडं अडकावं."

बर्म्युडा खुर्चीतून अर्धा उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला निघाला होता, तो मध्येच कुठेतरी वळला.

"एक मिनिट. म्हणजे ते बोटाएवढं बटण बरोबर होतं?"

"एकदम. आंधळ्यालाही दिसलं असतं."

"म्हणजे चूक ॲपची नव्हती. चूक वापरणाऱ्याची होती!" बर्म्युडाचा चेहरा उजळला. हे वाक्य सिद्ध व्हावं म्हणून तो कंपनी काढल्यापासून वाट बघत होता. "मी पहिल्या दिवसापासून काय सांगतोय?" तो दार उघडून बाहेर गेला आणि भेटेल त्याला हेच सांगत सुटला. विभाग बंद करायचं त्या आनंदात राहूनच गेलं.

ॲप पुढे चांगलं चाललं, हे इथेच सांगून टाकतो. बटण पुन्हा बोटाएवढं झालं, औषधाचं नाव कोपऱ्यातून मधोमध आलं, आणि दाबल्यावर 'नक्की घेतली ना?' असं ते एकदा विचारू लागलं. पुष्कळ सासरे वेळेवर गोळ्या घेऊ लागले. बर्म्युडाने एका समारंभात भाषण केलं आणि त्यासाठी फुलपँट घातली.

त्या दिवशी मात्र काचेच्या खोलीत ते दोघंच उरले होते.

"रागावलात?" काकांनी विचारलं.

"हो."

"बरोबर आहे."

ताईने लॅपटॉप मिटला. "माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुम्ही घड्याळ बघायचात ना, वेळ संपत आली की. मला वाटायचं, कंटाळलात." तिने लॅपटॉप बाजूला सारला. "आता तुम्हाला नाही बोलावता येणार, काका. रागानं म्हणून नाही."

"माहितेय."

"तुम्हाला येतं आता सगळं."

"हो," काका म्हणाले. "येतं." आजाराचं नाव सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मग खुर्ची जागेवर लावली, फोन पुसून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर फुगलेली कापडी पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात. एका माणसावर अवलंबून राहायचं नाही असं ठरवून ताईने या खेपेला कुणाला न विचारताच त्यांना बोलावलं होतं.

"झालं का तुमचं?" बाईंनी विचारलं. "आत काय विचारतात हो?"

"तुम्हाला काय वाटतं ते विचारतात."

"कशाबद्दल?"

"येईल त्याबद्दल."

बाईंना ते फारसं पटलं नाही. "मी शाळेत शिपाई होते. घंटा माझ्याकडे असायची. मला त्या फोनमधलं काही येत नाही. मुलगी म्हणाली, कशाला जातेस, हसतील तुला."

"हसत नाहीत. काही येत नाही म्हणूनच बोलावलंय."

"असं कुठे असतं का?" त्या जरा सरकून जवळ आल्या आणि आवाज खाली केला. "एखादं सांगून ठेवा ना. त्यात एक बटण दाबायचं असतं म्हणे. नेमकं कुठे असतं?"

ते कुठे असतं, हे त्या घडीला काकांइतकं जगात कुणालाच माहीत नसेल. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "तुम्हीच बघा आत जाऊन. नाही सापडलं तर नाही सापडलं म्हणा. घाई करू नका. सावकाश अडका."

आतून ताईने हाक मारली. बाई उठल्या, पिशवी कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघू लागल्या.

"द्या इकडे," काका म्हणाले.

"तुम्ही निघाला होतात ना?"

"बसतो थोडा."

बाई आत गेल्या. काचेतून आवाज येत नव्हता. ताईने खुर्ची पुढे ओढलेली दिसली. बाईंनी फोन हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. मग त्यांचे ओठ हलू लागले आणि बराच वेळ हलत राहिले.

काका पिशवी दोन्ही हातांनी धरून ताठ बसले होते. तिच्यात काहीतरी टोकदार होतं, ते गुडघ्याला टोचत होतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही.